दादरचे दाणे

यादी मी मार्चातच केली होती.
दाबयंत्र, साच्यांचा संच, व्हर्निअर,
पितळी पुंगळ्यांची लांबी तपासायचं गेज, काटा,
आणि एक जाडजूड पुस्तक
ज्याची किंमत बघून मी रात्री उठून पाणी प्यायले.

ती घेऊन वरणगावला गेले, लीलाधर बोंड्यांकडे.
छत्तीस वर्षं कारखान्यात, तपासणीच्या टेबलावर.
लाखो काडतुसं हातांखालून गेली,
एकही कधी झाडलं नाही.
"झाडनारा येगळा असते," ते म्हणतात.
"आपलं काम एवढंच, का पहिलं आनि हजारावं
सारखं निंघालं पाहिजे."

चष्मा पुसला. डॉक्टरची चिठ्ठी वाचावी
तशी यादी वाचली.
एका दांड्यात पाच कामं उरकणारं निळं यंत्र,
ज्याच्या चित्राभोवती मी दोनदा गोल केला होता,
त्यावर त्यांनी नखानं रेघ ओढली.
"पाच कामं एका वक्ताले?
मंग चुकलं तं कोन्या कामात चुकलं
हे तुले कसं समजीन?"
बोट खाली सरकलं, कोपऱ्यातल्या काळ्या, ठेंगण्या,
एका दांड्याच्या यंत्रावर थांबलं.
"हे घेजो. हे हळू चालते.
पन आधी सरकारचा कागद.
कागद नसला तं पुंगळीबी घरात नको.
आनि कागद येस्तोवर, काटा."

जळगावला सराफ बाजाराच्या मागच्या बोळात
काटे दुरुस्त करणारे हसनभाई बसतात.
त्यांनी लाकडी पेटी उघडली, मखमल झटकली.
"क्या तोलेंगे? सोना? चांदी?"
बोंडे गंभीरपणे म्हणाले, "दादर."
हसनभाई माझ्याकडे बघत राहिले.
ज्वारी, मी म्हटलं, दादर ज्वारी.
मग ते हसले नाहीत. उलट
पेटीतला काटा परत ठेवून
आतून दुसरा, जुना, आणला.

रोज वीस दाणे.
एकेक उचलायचा चिमट्यानं, ठेवायचा,
पारडं निवायची वाट बघायची, वहीत लिहायचं.
मे महिना. भुसावळ.
पंखा बंद, कारण वाऱ्यानं पारडं खोटं बोलतं.
खिडकी बंद. कपाळावरचा घाम
नाकाच्या शेंड्याशी येऊन थांबायचा
आणि मी मान मागे घ्यायचे, दाणा भिजू नये म्हणून.
क्वार्टरमागून कोळशाची मालगाडी गेली
की काटा थरथरायचा. अठ्ठावन्न डबे.
तोवर हात मांडीवर.
नवरा दारातून डोकावून म्हणाला,
"भाकरी करायच्या आधी प्रत्येक दाणा मोजणार का आता?"
आणि दार लोटून घेतलं, हळूच,
वारा आत येऊ नये इतकं हळूच.

रायफल कपाटात होती. तिकडे बघायचंही
मी मधल्या काळात विसरले.
डोळ्यांपुढे फक्त काट्याची ती सुई,
शून्यापाशी येऊन
शून्याला ओलांडून
परत येणारी.

ऑगस्टात कलेक्टर कचेरीतून कळलं,
फाईल पुढच्या टेबलावर गेली आहे.
कोणत्या पुढच्या, ते कळलं नाही.
वही घेऊन वरणगावला गेले.
बोंडे पानं उलटत राहिले. शाबासकी नाही.
एका ओळीवर थांबले.
"चवदावा आनि सतरावा. अगदी सारखे कसे?"
आले तसे.
"दाने आहेत का?"
होते. कागदाच्या पुड्यांत, नंबर घालून.
"परत मोज."

मोजले. त्यांच्या ओसरीवर, पंखा बंद करून,
मामी पदरानं वारा घेत होत्या त्याही थांबल्या.
सतरावा एका रेघेनं कमी निघाला.
त्या संध्याकाळी मालगाडी गेली असणार,
किंवा मला घरी लवकर आवरायचं असणार.

त्यांनी तो दाणा उचलला,
दाढेखाली धरून फोडला, जरा वेळ चावला.
"भरलेला होता," म्हणाले.
"चूक दान्याची न्हाई.
कागद आला का दांडा घेऊन टाक."